जोडीदार सोबत असतो, पण ठरलेलं काहीच नसतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सायकलवरून डोंगर चढण्या-उतरण्याबद्दल हल्ली पुरवण्यांमधून बरंच छापून येतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण या लिखाणात सुरक्षिततेचा विषय ‘एकट्यानं जाऊ नका, सोबत कुणीतरी घ्या’ एवढ्यावरच संपतो. हा सल्ला अर्धाच आहे. दगड, मुळं, घसारा आणि अरुंद वळणं असलेल्या अवघड वाटेवर काहीही न ठरवता गेलेली दोन माणसं कधी कधी एकट्या माणसापेक्षा जास्त अडचणीत येतात. मागचा पुढच्याचा वेग गाठायला जातो, पुढचा मागच्याला करून दाखवायला जातो. आणि चाक बसल्यावर कळतं की पंप दुसरा आणेल म्हणून दोघांनीही घरीच ठेवला आहे. जोडीनं जाणाऱ्यांनी निघण्याआधी आणि वाटेवर नेमकं काय ठरवायचं, ते सविस्तर छापून यावं म्हणून हे पत्र.

सुरुवात वाटेच्या निवडीपासून. अवघडपणा दाखवण्यासाठी वाटांना दिलेले रंग सगळीकडे सारखे नसतात. उत्तर अमेरिकेत हिरवा, निळा, काळा आणि दुहेरी काळा अशी चढती श्रेणी आहे, तर ब्रिटनमध्ये निळ्या आणि काळ्याच्या मध्ये लाल येतो. त्यामुळे ‘काळी वाट’ एवढं ऐकून निर्णय घेऊ नये. जर्मनीकडून आलेली एस-० ते एस-५ ही श्रेणी जास्त उपयोगाची, कारण वाटेवर प्रत्यक्ष काय लागणार ते तिच्यातून कळतं. एस-० म्हणजे घट्ट, सोपी जमीन. एस-२ ला मोठी मुळं, सुटे दगड आणि लहान पायऱ्या लागतात. एस-३ ला मोठाले दगड, उंच पायऱ्या आणि अगदी अरुंद वळणं येतात. त्यापुढे मागचं चाक उचलून सायकल जागच्या जागी वळवता आली पाहिजे. वाट ठरवायची ती दोघांत ज्याचा हात कमी बसलेला आहे, त्याला झेपेल अशी. आपल्या पुरवणीत एखाद्या वाटेची ओळख छापाल तेव्हा लांबी, एकूण चढ, अवघडपणाची श्रेणी आणि मधूनच बाहेर पडायच्या जागा एवढी माहिती जरूर द्यावी, ही विनंती.

निघण्यापूर्वीच्या तपासणीत एक साधी अदलाबदल करावी: प्रत्येकानं आपली नव्हे, जोडीदाराची सायकल तपासावी. रोजच्या सायकलची खडखड आपल्या कानांना सवयीची झालेली असते, दुसऱ्याला ती लगेच ऐकू येते. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवायची आणि दुसऱ्या हाताची बोटं हँडलखालच्या बेअरिंगवर ठेवायची. तिथे ठक्‌ असं जाणवलं तर हेडसेट ढिला आहे. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवून पाहायचं. ते चाकाला सोडून वळत असेल तर स्टेमचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट सैल आहेत. हे बोल्ट साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटरला कसले जातात, पण सायकलवर छापलेला आकडा असेल तर तोच पाळावा. चाक उचलून फिरवायचं, आडवं हलवून हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, खेळ आहे का पाहायचं, ॲक्सल (चाकाचा आस) हातानं तपासायचा.

मग ब्रेक. लिव्हर हँडलच्या मुठीला टेकण्याच्या बरंच आधी घट्ट व्हायला हवा. तीन-चार वेळा दाबल्यावरच तो घट्ट होत असेल तर ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा आहे, आणि ती काढल्याशिवाय उतारावर जायचं नाही. वाटेवर पंक्चर काढताना सायकल उलटी उभी करायची अनेकांना सवय असते. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकच्या टाकीत थोडी जरी हवा असली तरी उलटं केल्यावर ती नळीत शिरते. म्हणून सायकल आडवी ठेवावी, आणि उलटी केलीच तर पुन्हा निघण्याआधी दोन्ही लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबून पाहावेत. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबला तर ब्रेकपॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, आत जात नाही. अशा वेळी प्लॅस्टिकचा टायर लिव्हर मध्ये घालून ते हळूच मागे ढकलावेत. चेनला तेल देताना डिस्कवर थेंब उडाला तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून साफ होते, पॅडमध्ये मुरलेलं तेल मात्र निघत नाही, पॅड बदलावेच लागतात. ब्रेकच्या तेलाचंही तसंच. काही ब्रेक डॉट प्रकारच्या द्रवावर चालतात, काही मिनरल ऑइलवर. एकाचं तेल दुसऱ्यात घातलं की आतली रबरी सीलं फुगतात, आणि मग तो ब्रेक विसरायचा.

अवघड वाटेवरच्या निम्म्या तक्रारी टायरमधल्या हवेशी येऊन थांबतात, आणि नेमकी हीच गोष्ट जोडीदाराकडे पाहून करण्याची चूक होते. ‘तू किती भरलीस? मग मीही तेवढीच’ हे चालत नाही, कारण हवा वजनावर ठरते. ७० किलोच्या माणसाला २.४ इंची ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ही सुरुवात म्हणून ठीक. ८५ किलोच्या माणसानं दोन्हीकडे दोन-तीन पीएसआय वाढवावेत. ट्यूब असेल तर आणखी चार-पाच. टायर आणि रिमवर छापलेली मर्यादा अर्थातच ओलांडायची नाही. हवा जास्त झाली की चाक दगडाला धरून राहण्याऐवजी त्यावरून उडतं, मनगटं भरून येतात आणि ओल्या मुळांवर पुढचं चाक आयत्या वेळी सुटतं. कमी झाली की रिम दगडावर आपटतो. ट्यूब असेल तर टायर आणि रिमच्या मध्ये चिमटून तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमध्ये जोरात वळताना टायरची कड क्षणभर रिमवरून सुटते आणि फुसकन हवा जाते.

आपला आकडा काढायची रीत सोपी आहे. खडबडीत असा शंभरेक मीटरचा एकच तुकडा निवडायचा आणि दर फेरीला एकेक पीएसआय कमी करत तोच चालवायचा. एखाद्या जोरदार धक्क्याला रिम टेकल्याचं जाणवलं की तिथून दोन पीएसआय वाढवायचे आणि तो आकडा लिहून ठेवायचा. अंगठ्यानं दाबून हवा कळते असं समजू नये. दोन पीएसआयचा फरक बोटाला कळत नाही, वळणावर मात्र कळतो. दोन पंपांचे काटेही क्वचितच जुळतात, म्हणून दर वेळी एकाच काट्यावर मोजावं. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे लहान भोकं आपोआप बुजवणारा द्रव, दोन-तीन महिन्यांत सुकतं, कोरड्या उष्ण हवेत त्याहून लवकर. २९ इंची, २.४ रुंदीच्या टायरला १०० ते १२० मिलिलिटर लागतं. चाक कानाजवळ धरून हलवल्यावर आत द्रव हिंदकळल्याचा आवाज आला नाही, तर ते संपलं असं समजावं.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. सायकलवर बसल्यावर ती आपल्या वजनानं किती दबते हे पाठीवरच्या सामानासकट मोजायचं. पुढच्या चाकाच्या फोर्कला प्रवासाच्या (तो जास्तीत जास्त जेवढा दबू शकतो त्याच्या) १५ ते २० टक्के, मागच्या शॉकला २५ ते ३० टक्के. म्हणजे १५० मिलिमीटरच्या फोर्कला साधारण २२ ते ३० मिलिमीटर. मागे मात्र टक्केवारी शॉकच्या दांड्याच्या प्रवासावर काढायची, चाकाच्या प्रवासावर नाही. ५५ मिलिमीटरच्या दांड्याला ३० टक्के म्हणजे साडेसोळा. इथे गल्लत झाली की शॉकमध्ये वाटेल तेवढी हवा भरली जाते आणि मग सायकलला नावं ठेवली जातात.

सामानाची वाटणी बोलून करावी. ट्यूब, टायर लिव्हर, पाणी, शिटी आणि पान्यांचा जुडगा प्रत्येकाकडे आपापला. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरावं, उन्हात जास्त. क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची सुटी कडी, ज्याच्या त्याच्या चेनची, कारण ११ आणि १२ गिअरच्या चेनची कडी एकमेकांना चालत नाही. गिअर हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्याला अडकवलेला असतो तो तुकडा, हाही प्रत्येक सायकलचा निराळा असू शकतो, म्हणून दोघांनी आपापला सुटा ठेवावा; बोटभर लांबीचा हा तुकडा वाकला की सगळी फेरी तिथेच संपते. पंप प्रत्येकाकडे असणं उत्तम, एकच असेल तर तो मागच्याकडे. प्रथमोपचाराची पेटीही मागच्याकडेच. पुढचा पडला तर मागचा आपोआप त्याच्यापर्यंत पोचतो आणि मागचा पडला तर पेटी त्याच्याजवळच असते. पेटी पुढच्याकडे असेल तर त्याला जोडीदार येत नाही हे कळेपर्यंत वेळ जातो आणि मग उलटा चढ चढत यावं लागतं.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, दोघांमधलं अंतर. ताशी २० किलोमीटर हा उतारावर काही फार वेग नव्हे, पण त्या वेगात सेकंदाला साडेपाच मीटर कापले जातात. पुढचा अडखळल्याचं दिसून बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे थांबायला सुरुवात होण्यापूर्वीच सहा ते आठ मीटर संपलेले असतात. सुट्या मातीत पुढे थांबायलाही तेवढेच किंवा जास्त लागतात. म्हणून उतारावर अंतर मीटरमध्ये न ठरवता सेकंदांत ठरवावं: पुढचा एखाद्या झाडापाशी गेल्यावर मागच्यानं तिथे पोचायला किमान चार-पाच सेकंद लागले पाहिजेत. धूळ उडत असेल तर ती खाली बसेपर्यंत. चढावर तीन-चार सायकलींएवढं अंतर पुरतं. पुढचा अडून पाय टेकला तरी मागच्याला बाजूनं निघून जाता येईल, इतकं.

मोठ्या पायरीवर किंवा कातळावर मात्र एका वेळी एकच जण. पहिला उतरून पूर्ण बाजूला झाला आणि त्यानं ‘मोकळं!’ असं ओरडून सांगितलं, की मगच दुसऱ्यानं निघायचं. शब्द दोन-तीनच ठेवावेत आणि ते आधी ठरलेले असावेत: ‘थांब’, ‘मोकळं’, ‘माणसं’. वाऱ्यात आवाज पोचत नाही, तेव्हा डोक्यावर हातांची फुली म्हणजे थांब. खाली उभं राहणाऱ्यानं वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहावं. तोल गेलेली सायकल सरळ रेषेत बाहेरच्या कडेला जाते. फोटो काढण्याच्या नादात पुष्कळ जण नेमके तिथेच उभे असतात.

पुढे कोण, यावर मतभेद आहेत. आमचं मत असं की अनोळखी वाटेवर अनुभवी माणूस पुढे असावा, पण वेग मागच्याचा. वाट ओळखीची असेल आणि चढ असेल तर कमी अनुभवी पुढे. मागे राहिलेल्यानं पुढच्याच्या मागच्या चाकाकडे पाहत राहू नये. नजर जिथे जाते तिथे सायकल जाते, आणि चाकावर खिळलेल्या नजरेला दगड दिसतो तो अगदी टायरखाली आल्यावर. पुढच्याच्या खांद्यावरून पलीकडची वाट पाहायची. तो ज्या रेषेतून गेला ती आपली रेषा असेलच असंही नाही. २९ इंची चाकं आणि १६० मिलिमीटर सस्पेन्शनवर जो दगड नुसता जाणवतो, तोच मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलला आडवा पाडू शकतो.

अवघड जागा आली की उतरून पाहायचं, आणि पाहायचं ते खाली जाऊन, वर तोंड करून. वरून उतार असतो त्याहून सपाट दिसतो आणि पायरीखालचा खड्डा दिसतच नाही. कुठून शिरायचं, ब्रेक कुठे सोडायचा, पुन्हा कुठे धरायचा आणि चुकलं तर सायकल कुठल्या बाजूला जाईल, या चारही प्रश्नांची उत्तरं मिळाली तरच चालवायचं. चौथ्याचं उत्तर ‘दरीत’ असेल तर बाकीची तीन कितीही चांगली असोत, सायकल हातात धरून उतरायचं. धरतानाही सायकल दरीकडच्या बाजूला आणि माणूस डोंगराकडे, म्हणजे पाय घसरला तर ती सोडून देता येते. दोघांपैकी एकानं ‘नको’ म्हटलं की विषय संपला. त्यावर समजूत काढणं, ‘तुला जमेल रे’ म्हणणं हे जोडीदाराचं काम नव्हे. परत फिरायची वेळही घरूनच ठरवून निघावं, कारण दमलेल्या दोन माणसांचं एकमत नेहमी पुढे जाण्यावरच होतं.

उतरताना सीट पूर्ण खाली. पेडल दोन्ही एका पातळीत, टाचा खाली, कोपरं बाहेर वाकलेली, छाती हँडलकडे झुकलेली. वजन पायांवर, हात हलके. ‘बूड सीटच्या मागे न्या’ हा जुना सल्ला अजून ऐकू येतो आणि त्यानंच पुष्कळ जण पडतात. फार मागे गेलं की पुढच्या चाकावर वजन राहत नाही. मग ते ना वळतं, ना थांबवतं. कंबरेत वाकून खाली जायचं, मागे जायचं ते उतारानं भाग पाडलं तेवढंच. ब्रेक एका बोटानं दाबायचा, बाकीची बोटं मुठीवर. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, कारण ब्रेक दाबताच वजन पुढच्या चाकावर येतं. त्याला घाबरून फक्त मागचा ओढत राहिलं तर मागचं चाक अडकतं, घसरतं आणि आडवं येतं. पुढचा ब्रेक चाक सरळ आणि सायकल उभी असताना, हळूहळू वाढवत दाबायचा. मुळांवर, खड्ड्यात शिरताना आणि पायरीच्या काठावर तो सोडायचा. वेग अडथळ्याच्या आधीच्या सपाट जागेत कमी करायचा, अडथळ्यावर नाही. ओली मुळं शक्य तेवढी काटकोनात ओलांडावीत; त्यांच्यावर ब्रेकही नाही आणि वळणंही नाही.

लांब उतारावर ब्रेक सतत हलका ओढून ठेवणं घातक. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, फेअरफॅक्सजवळच्या उतारावर काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकलींची शर्यत लावली. माउंटन बाइकिंगच्या इतिहासात ती शर्यत ‘रीपॅक’ नावानं ओळखली जाते. तीन-साडेतीन किलोमीटरांत सुमारे ४०० मीटर उतार होता. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे, तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. नाव पडलं ते त्यावरून. ब्रेक बदलले, उष्णता तेवढीच राहिली. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर ४०० मीटर उतरताना सुमारे ३३३ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येतं. हवेचा आणि जमिनीचा विरोध त्यातला काही भाग घेतो. हळू उतरणाऱ्याच्या बाबतीत बराचसा भाग दोन पातळ डिस्कवरच येतो. म्हणून जोरात पण थोडा वेळ ब्रेक दाबायचा, मग सोडून डिस्कला वारा लागू द्यायचा. लिव्हर मऊ पडला, करपट वास आला किंवा दाबूनही वेग उतरेना, तर पाच-दहा मिनिटं थांबायचं. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकू शकते, आणि बोट लावलं तर भाजतंच. वजनदार माणसानं पुढे २०० किंवा २०३ मिलिमीटरची डिस्क बसवून घ्यावी. नवे पॅड बसवल्यावर वीसेक वेळा मध्यम वेगापासून चालण्याच्या वेगापर्यंत, पूर्ण न थांबता, ब्रेक दाबून ते आधी बसवून घ्यावेत. पहिल्याच दिवशी मोठ्या उतारावर नेले तर त्यांच्यावर चकाकी धरते आणि पकड जाते.

अरुंद वळणात मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून कापत जातं. त्यामुळे शिरताना बाहेरची कड धरायची, पुढचं चाक वळणाच्या पोटात उशिरा वळवायचं आणि मान वळवून बाहेर पडायच्या जागेकडे पाहायचं. वेग वळणाआधीच चालण्याएवढा करायचा. आत मागचा ब्रेक किंचित धरून ठेवला तर चालतो, वळलेल्या पुढच्या चाकावर मात्र ब्रेक दाबला की ते घसरतं.

चढाचं गणित निराळं. पुढे ३२ आणि मागे ५१ दात असले तर पेडलच्या एका फेऱ्यात २९ इंची चाक साधारण १.४४ मीटर पुढे जातं. मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी जेमतेम पाच किलोमीटर. याहून हळू झालं की तोल सांभाळण्यातच दम जातो, म्हणून गिअर चढ लागण्याआधीच बदलावा. जोर लावत बदलला तर चेन तुटू शकते. सीटच्या टोकावर सरकून कोपरं खाली आणायची. पुढचं चाक उचललं जात असेल तर आणखी पुढे झुकायचं, मागचं गरगरत असेल तर किंचित मागे. दगडांतून जाताना पेडल पूर्ण फिरवता येत नाही. पेडलचा मधला अक्ष जमिनीपासून ३४० मिलिमीटरवर आणि क्रँक (पेडलचा दांडा) १७० ची असेल तर खालच्या पेडलखाली उरतात १७०. त्यातून सस्पेन्शन दबल्याचे तीस-चाळीस आणि पेडलची जाडी वजा केली की १२ सेंटिमीटरचा दगडही पेडलला लागतो. अशा जागी पेडल पाव फेरा पुढे, तेवढंच मागे असं झुलवत न्यावं. चढावर मध्येच थांबल्यावर पुन्हा निघायचं तर सायकल उताराला आडवी करून निघावं.

वाटेवरच्या दुरुस्तीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. ट्यूबलेस टायर बसला म्हणून आत ट्यूब घालण्यापूर्वी टायर आतून चाचपायला हवा. सीलंटनं बुजवलेल्या भोकांतले जुने काटे तसेच असतात आणि नवी ट्यूब पाच मिनिटांत फोडतात. चाचपताना बोटाला फडकं गुंडाळावं. भोक लहान असेल तर प्लग (भोकात खोचायची रबरी पट्टी) पुरतो. बाजूच्या भिंतीला चीर असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा ठेवून मग ट्यूब घालावी आणि हवा जरा कमीच भरावी. गॅसच्या नळकांड्यानं चाक झटकन फुगतं, पण तो गॅस रबरातून लवकर झिरपतो आणि काही सीलंटच्या गुठळ्या करतो, तेव्हा घरी आल्यावर साधी हवा भरावी. तुटलेली चेन दोन कड्या काढून जोडली तर ती आखूड होते. मग पुढची आणि मागची मोठी चक्रं एकत्र वापरायची नाहीत. हँगर वाकला असेल तर सर्वांत मोठं चक्र टाळायचं, नाहीतर गिअर स्पोकमध्ये जाऊन चाकच मोडतं.

जोडीदार पडला तर धावत जाऊन उचलू नये. आधी आपली सायकल वीस-तीस मीटर वर, वाटेत आडवी ठेवावी, म्हणजे मागून येणारा त्याच्यावर आदळणार नाही. मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील तर हलवायचं नाही. श्वास अडत नसेल तर हेल्मेटही काढायचं नाही. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरायचं, दर मिनिटाला उचलून पाहायचं नाही. डोकं आपटलं असेल तर आज कोणता वार, आपण कुठे आहोत, कसा पडलास असं विचारावं. उत्तरं अडखळली, डोकं दुखतंय म्हणाला, उलटी झाली किंवा तेच तेच विचारू लागला, तर त्या दिवशी सायकल बंद आणि डॉक्टर गाठायचा. ‘मी बरा आहे’ हे त्याचं म्हणणं अशा वेळी धरायचं नाही. हा निर्णय दुसऱ्याचा. मार लागलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यावं, आतला थर्मोकोल एकदा दबला की पुन्हा धक्का सोसत नाही. मदतीसाठी शिटीचा संकेत मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. फोन लागत नसेल तिथेही संदेश कधी कधी जातो, म्हणून ठिकाण लिहून पाठवून ठेवावं.

आणि वाटेचा विचार. माती टायरला चिकटून जाड थर धरत असेल तर त्या दिवशी ती वाट चालवायची नाही. ओल्या मातीतली चाकोरी सुकली की पुढच्या पावसात तिचाच ओहोळ होतो. डबकं लागलं तर मधूनच जावं, कडेनं गेल्यावर वाट रुंद होत जाते. मागचं चाक घासत उतरण्यानंही तसाच चर पडतो. चढणाऱ्याला वाट उतरणाऱ्यानं द्यायची, आणि पायी चालणाऱ्याला सायकलस्वारानं. दोघे असाल तर पुढच्यानं समोरच्या माणसाला ‘मागे अजून एक जण आहे’ असं आवर्जून सांगायचं, कारण पहिली सायकल गेली की पायी चालणारा लगेच पुन्हा वाटेच्या मधोमध येतो.

आपले,
डोंगरवाटांवर सायकल चालवणारे दोन वाचक